पर्यावरण अहवाल वाचायचा कसा? कोराडीच्या राखेपासून कळमेश्वरच्या विहिरींपर्यंत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, कधीमधी बारीक टाइपातली एक चौकट दिसते. वर लिहिलेलं असतं, 'पर्यावरणविषयक जाहीर सुनावणी'. खाली प्रकल्पाचं नाव, गाव, तालुका, तारीख, वेळ. नागपूर जिल्ह्यात ही चौकट नवी नाही. २९ मे २०२३ रोजी कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी अशी सुनावणी झाली, भर उन्हाळ्यात. त्याच वर्षी जुलैत गोंडखैरीच्या भूमिगत कोळसा खाणीची झाली.

अशा सुनावणीला गेलात तर मंडपात दोन प्रकारची भाषणं ऐकू येतात. एक, 'आमच्या पोरांना रोजगार पाहिजे.' दुसरं, 'आमचं पाणी नासवू नका.' दोन्ही खरी. पण ज्या कागदांवर ही सुनावणी चालते, तो काही शे पानांचा अहवाल फारच थोड्यांनी उघडलेला असतो. लोकांना बोल लावण्यात अर्थ नाही. इंग्रजी तक्ते, रसायनांची नावं आणि रंगीबेरंगी नकाशे पाहिले की कोणीही पान मिटेल. तरी माझं मत असं की, हा अहवाल वाचायला शास्त्राची पदवी लागत नाही. त्यातलं बरंचसं गणित शाळेतलं आहे आणि उरलेलं आपल्या गावच्या माहितीवर तपासता येतं. नीरी, म्हणजे देशातली पर्यावरण अभियांत्रिकीची मोठी सरकारी संशोधन संस्था, १९५८ पासून ज्या शहरात आहे, तिथल्या नागरिकांना तरी हे वाचन यायला हरकत नाही.

परिणाम म्हणजे फरक

या अहवालाचं पूर्ण नाव 'पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन'. बोलताना सगळे ईआयए म्हणतात, आपणही तेच म्हणू. प्रकल्प झाला तर इथल्या हवेचं, पाण्याचं, जमिनीचं, झाडा-प्राण्यांचं आणि माणसांचं काय होईल, आणि झाला नाही तर काय होईल, या दोहोंतला फरक काढणं म्हणजे ईआयए.

'झाला नाही तर' हा अर्धा भाग दोन्ही बाजू विसरतात. गावातल्या विहिरी बोअरवेलमुळे आधीच दरवर्षी खाली जात असतील, तर ती सगळी घट खाणीच्या नावावर टाकता येत नाही. उलट बाजूने, 'हवा तर आधीच खराब आहे, आमच्याने असा काय फरक पडणार' हे कंपनीचं लाडकं वाक्यही चालत नाही. आधीच खराब आहे, म्हणूनच आणखी भर सोसण्याची जागा कमी उरली आहे.

कायदा थोडक्यात असा. अमेरिकेने १९६९ मध्ये अशा मूल्यांकनाचा कायदा केला. आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९९४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ ला दुसरी. हीच दुसरी अधिसूचना असंख्य दुरुस्त्यांची ठिगळं लावून आजही चालू आहे. मोठे प्रकल्प 'अ' गटात, त्यांचा निर्णय दिल्लीत केंद्रीय मंत्रालय देतं. 'ब' गटातले राज्याच्या प्राधिकरणाकडे जातात. प्रकल्प कोणत्या गटात बसतो, अभ्यास कशाकशाचा करायचा, लोकांचं म्हणणं काय आणि शेवटी तज्ज्ञ समितीची छाननी, या चार पायऱ्यांनंतर मिळते ती पर्यावरण मंजुरी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्या कामांना ही मंजुरी लागते त्यांची यादी ठरलेली आहे. रेल्वेमार्ग तिच्यात नाहीत. २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाच्या इमारतीही नाहीत. तेव्हा 'या कामाला पर्यावरण मंजुरीची गरज नाही' याचा अर्थ फक्त 'हे काम यादीत नाही' एवढाच घ्यायचा. परिणाम होणार नाही, असं त्यातून निघत नाही.

आधी रिकाम्या डब्याचं वजन

गोडेतेल मोजून घेताना दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. तो नीट झाला नाही तर पुढचं सगळं माप चुकतं, तराजू कितीही चोख असो. ईआयएमध्ये हा धडा म्हणजे बेसलाइन: प्रकल्प यायच्या आधी त्या जागेची आणि आसपासच्या साधारण १० किलोमीटर परिघाची स्थिती काय आहे, याच्या नोंदी. अहवालात हा भाग सगळ्यात कंटाळवाणा असतो आणि माझ्या मते सगळ्यात आधी वाचायचा असतो. मुद्दाम किंवा नकळत, गडबड व्हायची ती बहुधा इथेच होते.

नियमाने या नोंदी पावसाळा सोडून एका ऋतूच्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या असतात. हवेसाठी प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, अशा चोवीस नोंदी. ऐकायला ठीक वाटतं. पण नागपुरात कोणता ऋतू निवडता यावर उत्तर बदलतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा जड होऊन खालीच राहते, वर तिच्यापेक्षा उबदार थर असतो आणि धूर वर उठत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलट: तापलेली हवा वर जाते, वारा असतो, धूर पांगतो, पण कोरड्या जमिनीची धूळ उडते. हिवाळ्यातला धुराचा आकडा आणि उन्हाळ्यातला आकडा एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

मग पाहायचं काय? पहिलं, महिने कोणते. दुसरं, नोंदी किती जुन्या. तीन वर्षांहून जुन्या बेसलाइनवर अहवाल सादर करता येत नाही. तिसरं, यंत्रं कुठे ठेवली. अहवालात 'पवनारेख' नावाची एक आकृती असते, गोल, पाकळ्यांसारख्या पट्ट्यांची. वारा कोणत्या दिशेकडून किती वेळ वाहतो ते ती दाखवते. लांब पाकळी ज्या दिशेला, वारा तिकडून येतो. म्हणजे धूर बरोबर विरुद्ध बाजूच्या गावांवर जाणार. त्या बाजूला हवा मोजण्याचं एकही ठिकाण नसेल, तर प्रश्न विचारायला एवढं पुरे.

चौथं, सगळे आकडे मर्यादेच्या आतच कसे? हवेतल्या बारीक धुळीला पीएम-१० म्हणतात. चोवीस तासांसाठी तिची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि वर्षाच्या सरासरीसाठी ६०. कोळशाचे टिप्पर रात्रंदिवस जातात त्या रस्त्याच्या कडेच्या गावात बाराही आठवडे आकडा ७० ते ७५ च्या दरम्यान सुखाने बसला असेल, तर त्या गावात राहणाऱ्याने भुवई उंचावलीच पाहिजे.

विहिरीचा आकडा कोणत्या महिन्यातला?

इथे जरा थांबतो, कारण जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्याला सगळ्यात जवळचा विषय हा आहे. काटोल, कळमेश्वर, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. संत्र्याला बहार धरायला आधी 'ताण' द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी बंद ठेवावं लागतं, आणि ताण तोडायच्या वेळी पाणी हमखास लागतं. आंबिया बहार धरणाऱ्याला ते हिवाळ्याच्या शेवटी लागतं आणि पुढे फळं टिकवायला सगळा उन्हाळा. म्हणून इथल्या बागायतदाराला विहिरीत कोणत्या महिन्यात किती हात पाणी असतं हे तोंडपाठ असतं.

आता समजा एखाद्या भूमिगत खाणीच्या अहवालात विहिरींच्या नोंदी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आहेत. पावसाळा नुकताच संपलेला, विहिरी तुडुंब. खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, नाहीतर कामच चालत नाही, आणि या उपशाने आसपासची भूजल पातळी काही अंतरापर्यंत उतरते. ती किती अंतरापर्यंत उतरेल, याचा अंदाज अहवालात द्यावाच लागतो. पण पाच मीटरची घट डिसेंबरच्या भरल्या विहिरीवर वेगळी आणि मे महिन्यात तळाला दोन हात पाणी उरलेल्या विहिरीवर वेगळी. पहिलीत मोटार चालू राहते, दुसरी विहीर कोरडी पडते.

त्यात नागपूरचं भूगर्भ एकसारखं नाही. पश्चिमेकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. पूर्वेकडे जुने, कठीण नाइस जातीचे दगड. मध्ये आणि उत्तरेला कामठीच्या बाजूने वाळूच्या दगडाचे थर, ज्यांच्याबरोबर कोळसा सापडतो. वाळूच्या दगडातून पाणी छिद्राछिद्रांतून सरकतं, बेसॉल्टमध्ये ते भेगांमधून धावतं. भेग जिकडे, पाणी तिकडे. त्यामुळे बेसॉल्टच्या गावात 'खाणीपासून अमुक अंतरावर परिणाम शून्य' असं नकाशावर गोल वर्तुळ काढून सांगितलं असेल, तर त्या वर्तुळाखाली काय गृहीत धरलंय ते शोधा. जमीन सगळीकडे सारखी आहे असं मानूनच बहुतेकदा वर्तुळ निघतं.

एका हेक्टरचं पाणी

स्वतः मूल्यांकन शिकायचं तर सगळ्यात सोपी सुरुवात पावसाच्या पाण्यापासून. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराच्या आसपास. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झालं १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. जमीन मोकळी, थोडी गवताळ असेल तर त्यातलं साधारण ३० टक्के वाहून जातं, बाकीचं मुरतं किंवा अडतं. तिथे सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि छपरं आली की ९० टक्के वाहतं. म्हणजे तीन लाख लिटरचे नऊ लाख झाले. वाढीव सहा लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर, एका हेक्टरमागे, आणि तेही काही तासांत.

(काळी माती पावसाळ्याच्या शेवटी भिजून गच्च झालेली असते, तेव्हा तीही फारसं मुरू देत नाही. म्हणून ३० टक्के हा आकडा जूनमध्ये जितका खरा तितका सप्टेंबरअखेर नाही. मूल्यांकनात असे 'पण' प्रत्येक वळणावर येतात.)

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकामुळे पाणी अडलं का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्मारकाचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण तो एका जागेचा झाला. पाणलोटात गेल्या काही दशकांत किती हेक्टर मोकळी जमीन पक्की झाली, त्यातला किती भाग २०,००० चौरस मीटरच्या खालच्या, म्हणजे कुठल्याही ईआयएत न येणाऱ्या बांधकामांचा, याचा हिशेब कोणाच्या टेबलावर असतो? एकेका इमारतीचा परिणाम नगण्य. सगळ्यांचा मिळून पूर. याला संचयी परिणाम म्हणतात आणि आपल्या पद्धतीची सगळ्यात कच्ची बाजू हीच आहे.

जागा पाहायला जाल तेव्हा म्हणून आधी उतार पाहा. पाणी कुठून येतं, कुठे जातं, जुना नाला कुठे होता. नकाशापेक्षा तिथला पानठेलेवाला हे चांगलं सांगतो.

राख कुठे जाते?

आता मोठ्या प्रकल्पाकडे. औष्णिक केंद्राच्या अहवालात शेकडो आकडे असतात, पण एक हिशेब कागदाच्या कपट्यावर मांडता येतो. १,३२० मेगावॅट म्हणजे पूर्ण क्षमतेने तासाला १३ लाख २० हजार युनिट. युनिटमागे ढोबळ ६०० ग्रॅम कोळसा धरला तर तासाला सुमारे ८०० टन, दिवसाला १९ हजार टन. भारतीय कोळशात राख भरपूर, तिसरा हिस्सा धरू. म्हणजे रोज सहा हजार टनांच्या घरात राख. वीस टनांच्या टिप्परने न्यायची तर रोज तीनशे फेऱ्या. प्रत्यक्षात संच रोज पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, आकडा थोडा खाली येईल. पण अहवालात 'राखेचा शंभर टक्के उपयोग सिमेंट आणि विटांसाठी केला जाईल' असं एक वाक्य असतं, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. एवढी राख घेणारे कारखाने कोणते, किती अंतरावर, करार झालेत का?

उरलेली राख पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. त्या भागातलं पाणी कोलार नदीतून कन्हानला जातं, आणि कन्हान नागपूरला पिण्याचं पाणी देते.

असा धोका तपासायची एक रीत पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवतात: स्रोत, वाट आणि झळ सोसणारा. राख हा स्रोत. वारा, नाला, भूजल या वाटा. गावातली विहीर, शाळेतली मुलं, धानाचं शेत ही झळ सोसणारी. तिघांपैकी एक दुवा तुटला की परिणाम थांबतो. म्हणून अहवालातला प्रत्येक उपाय वाचताना विचारायचं, हा नेमका कोणता दुवा तोडतो? तलावाच्या तळाला अस्तर टाकलं तर भूजलाची वाट बंद होते, वाऱ्याची नाही. राख ओली ठेवली तर वाऱ्याची बंद होते, पण मे महिन्यात ती ओली ठेवायला पाणी कुठून आणणार? चहूबाजूंनी झाडं लावू, हे वाक्य सगळ्याच अहवालांत सापडतं. झाडं थोडी धूळ अडवतात, बांध फुटल्यावर त्यांचा उपयोग नाही.

उंच चिमणीचंही असंच. चिमणीची किमान उंची ठरवायचं सूत्र आहे: ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा ०.३ घात, गुणिले १४. ताशी १०० किलो असेल तर उंची सुमारे ५६ मीटर. उंचीमुळे वायू दूरवर पांगतो आणि पायथ्याच्या गावात आकडा कमी दिसतो. वायू मात्र तेवढाच बाहेर पडलेला असतो. पुढे हवेत त्याचे बारीक कण बनतात, ते १० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर जातात, आणि वर्तुळाबाहेरचं अहवालात नसतं.

'हे सगळे आकडे शेवटी अंदाजच ना?'

हो, अंदाजच. पण अंदाज आणि ठोकताळा यात फरक आहे. धूर किती पसरेल, आवाज किती वाढेल, यासाठी संगणकीय प्रतिमानं, म्हणजे मॉडेलं, वापरतात. त्यात वाऱ्याचा वेग, तापमान, चिमणीची उंची घालतात आणि बाहेर नकाशा येतो. आत जे घातलं तेच बाहेर येणार, म्हणून नकाशाच्या रंगांपेक्षा आत घातलेल्या आकड्यांचा तक्ता बघा.

निवाड्याचा भाग आणखी नाजूक. १९७१ मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी एक चौकटींचा तक्ता सुचवला. एका बाजूला प्रकल्पातल्या १०० कृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक, आणि प्रत्येक चौकटीत परिणाम किती मोठा व किती महत्त्वाचा याचे एक ते दहा गुण. त्याच्या सुटसुटीत आवृत्त्या अजून आपल्या अहवालांत दिसतात. तक्ता पाहून सगळं मोजूनमापून झाल्यासारखं वाटतं. पण 'गावाच्या चराऊ जमिनीचं महत्त्व ३' हा आकडा कोणत्या यंत्राने मोजला? तो कोणाचं तरी मत आहे. ज्याची गुरं तिथे चरतात त्याने ९ दिले असते. अशा तक्त्याशी वाद घालायला संकोच करायचं कारण नाही.

'झाडं तोडली तर दुप्पट लावू, मग झालं?'

उपायांचा एक क्रम जगभर मानला जातो. आधी नुकसान टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. मग झालेलं दुरुस्त करा. उरलंसुरलं भरून द्या. भरपाई ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे चर्चा बहुधा तिथूनच सुरू होते.

अजनीत रेल्वे, बस, मेट्रो एकाच जागी आणणाऱ्या इंटर मॉडेल स्टेशनसाठी हजारो झाडं जाणार म्हटल्यावर २०२१ च्या सुमारास शहरात आंदोलन उभं राहिलं, तेव्हाही 'बदल्यात दुसरीकडे लावू' हे उत्तर होतंच. वाढलेल्या झाडाची सावली, त्यावरची घरटी, भोवतीचं तापमान हे शहराबाहेर लावलेलं रोप अजनीतल्या माणसाला देऊ शकत नाही. मे महिन्यातल्या नागपुरात हे वेगळं समजवावं लागत नाही.

पहिल्या दोन पायऱ्या नेटाने चढल्या तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नागपूर-शिवनी रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी वन्यजीवांच्या वाटेवरून बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली. त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटर आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले आणि २०१९ मध्ये १८ जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले, वाघांसकट. रस्ता झाला, वाहनं धावतात, खालून वाघ जातो. 'विकास पाहिजे की पर्यावरण' असं कोणी दरडावून विचारलं की मी त्याला देवलापारच्या बाजूला चक्कर मारून यायला सांगतो.

'अहवालाचे पैसे कंपनीच देते, मग विश्वास कसा ठेवायचा?'

आक्षेप रास्त आहे. सल्लागार संस्था प्रकल्पवाला निवडतो आणि तोच तिची फी भरतो. संस्थेला नॅबेट या मंडळाची मान्यता लागते, हवा, पाणी, जैवविविधता, समाज अशा विषयांसाठी वेगवेगळे मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतात, आणि त्यांची नावं अहवालात छापावी लागतात. एवढ्याने हितसंबंध मिटत नाहीत. मला विचाराल तर पैसा एका सामायिक निधीत जमा व्हावा आणि सल्लागार सरकारी समितीने नेमावा. तोवर एकच इलाज उरतो: अहवाल इतक्या लोकांनी वाचावा की चुकीचं छापायची भीती वाटावी. गावात पाच वर्षांपूर्वी बुजलेली विहीर 'पिण्यायोग्य पाणी' म्हणून तक्त्यात आली, तर ते दिल्लीच्या समितीला कळणार नाही. गावातल्या पोलीस पाटलाला पाहता क्षणी कळेल.

'शेवटी मंजुरी मिळतेच, मग सुनावणीला जायचं कशाला?'

सुनावणी म्हणजे मतदान नाही, हे आधी मान्य करू. नव्वद टक्के लोकांनी विरोध केला म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. पण तिथे मांडलेला प्रत्येक आक्षेप इतिवृत्तात यावा लागतो, त्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं, आणि तज्ज्ञ समिती ते वाचते. मंजुरीच्या अटी इथून जन्माला येतात. पुढे राष्ट्रीय हरित लवादात जायची वेळ आली, तर हीच कागदपत्रं पाया ठरतात. महाराष्ट्रासाठी लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद.

हक्क काय आहेत ते माहीत असू द्या. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. नव्या ईआयए अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात ही मुदत २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता, त्यावर देशभर गदारोळ झाला आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. अहवालाचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. पूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाहायला ठेवलेला असतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. चित्रीकरण सक्तीचं, आणि शेवटी झालेल्या कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो ऐकल्याशिवाय मंडप सोडू नका.

मंजुरीआधीच काम सुरू झालं तर? याबाबत कायदा सध्या हेलकावे खातोय. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मागाहून दिलेली मंजुरी बेकायदा ठरवली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला गेला.

शिकायचं तर सुरुवात कुठून?

नव्या प्रकल्पाची वाट पाहू नका, चालू असलेला घ्या. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींचं पालन कसं केलं याचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या भागासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. मंजुरीपत्रं 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर सापडतात. जवळच्या एका खाणीचं किंवा कारखान्याचं मंजुरीपत्र उघडा, त्यातल्या फक्त तीन अटी निवडा ज्या रस्त्यावर उभं राहून तपासता येतील. कोळशाचे ट्रक ताडपत्रीने झाकलेले आहेत का. कुंपणालगत सांगितलेल्या रुंदीचा झाडांचा पट्टा आहे का. नाल्यात सोडलेलं पाणी कसं दिसतं. मग सहामाही अहवालात त्याच अटींपुढे काय लिहिलंय ते पाहा. 'पालन केले आहे' या दोन-तीन शब्दांवर किती भार टाकला जातो ते कळेल.

दुसरा सराव वहीचा. मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर, दोनदा, गावातल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजा. तारीख, गट क्रमांक आणि मोजमाप लिहा, शक्य झालं तर फोटो काढा. अशी दोन वर्षांची वही असेल तर सुनावणीत बोलण्याची रीतच बदलते. 'आमचं पाणी जाईल' याऐवजी तुम्ही म्हणता, 'तक्त्यातल्या चार क्रमांकाच्या विहिरीची नोंद नोव्हेंबरची आहे. आमच्या वहीत मे महिन्यात तिथे सव्वा मीटर पाणी आहे. तुमच्या अंदाजाप्रमाणे घट तीन मीटरची आहे. मग मे महिन्यात या विहिरीवरच्या बागेला पाणी कुठून देणार, याचं उत्तर अंतिम अहवालात हवं.' अशा आक्षेपाला 'नोंद घेतली' एवढ्यावर वाटेला लावता येत नाही.

हे सगळं लेखी द्या, शक्यतो सुनावणीच्या आधीच, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या.